दुसरा विस्तव

एकदा एका गावात कुलूपकारांची एक गल्ली होती आणि त्या गल्लीत एक नियम होता: पाणी दिलेल्या पोलादाला पुन्हा विस्तव दाखवायचा नाही. का, ते विचारायचे नाही, हा त्या नियमाचाच अर्धा भाग होता.

पोलादाला पाणी देणे म्हणजे ते लाल होईपर्यंत तापवून एकदम तेलात बुडवणे. त्याने पोलाद कठीण होते. गल्लीतले कारागीर कुलपे घडवीत आणि ज्यांच्या किल्ल्या हरवल्या त्यांची कुलपे न फोडता उघडूनही देत. या कामाची आकडी ज्याची त्याने स्वतः घडवायची असे. वीतभर लांबीची, गवताच्या पात्यासारखी बारीक, टोकाशी जराशी वळलेली अशी ती आकडी. ती कुलपात सरकवून आतल्या खिट्ट्या एकेक करून उचलायच्या. सगळ्या उचलल्या गेल्या की कुलूप उघडते.

अडचण एवढीच होती की आकड्या तुटत. कुलपाच्या पोटात टोक मोडून राही, आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन कुलूप फोडावे लागे. अशा वेळी गल्लीत सगळे एकच वाक्य बोलत, "कुलूप दगाबाज होतं." मोडलेले टोक चिमट्याने काढून पंचांच्या ओसरीवरच्या पितळी तांब्यात टाकले जाई. खंडेनवमीला सगळी हत्यारे पुजली जात, तेव्हा पहिले हळदकुंकू त्या तांब्याला. टोक लढाईत कामी आले, अशी भावना होती. तांबा गळ्यापर्यंत भरला होता.

या गल्लीत मृदुला शिकायला आली, तेव्हा ती तालुक्याच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन आली होती. तिचे वडील याच गल्लीतले, पण ते कारकुनी पत्करून बाहेर पडले होते. मुलगी उलट्या दिशेने परत आली, याचे गल्लीला नवल वाटले आणि थोडी चीडही आली. पंचांतले सर्वांत वयोवृद्ध रंगनाथआबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाव मृदुला आणि जीभ कानशीसारखी. भिकाजी, तुझे हात सोलून निघतील हो."

भिकाजी मिस्त्री म्हणजे गल्लीतले सर्वांत निष्णात हात. त्या हातांना आता कंप सुटला होता. कारागिराचे हात थकले की त्याचा ठिया, म्हणजे त्याची भट्टी, ऐरण आणि बसायची जागा, पंचांनी मान्य केलेल्या शिष्याला मिळे. शिष्य नसेल तर ठिया मोडून तिथे कोळशाचे कोठार होई. भिकाजींना दुसरे कोणी नव्हते. मृदुलेला दुसरे काही नको होते.

पहिले वर्ष त्यांनी तिला फक्त धातू निवडायला लावले. तिच्यासमोर ते रोज एक मूठ रिकामी करीत: खिळा, बांधायची तार, छत्रीची काडी, करवतीचे तुटके पाते, जुन्या घड्याळाची कमान.

"वाकव," ते म्हणत.

तार वाकली की वाकलेलीच राही. छत्रीची काडी थोडी परत येई. करवतीचे पाते कट्‌कन तुटे. घड्याळाची कमान मात्र बोटातून सुटताच होती तशी होई.

"आजोबा, कमान घ्यायची, असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर वर्ष वाचलं असतं."

"वर्ष वाचवून त्याचं काय करणार होतीस?"

"दुसरं काहीतरी शिकले असते."

"मग शीक," असे म्हणून त्यांनी तिला भट्टीजवळ बसवले.

कमान आधी लाल करून गरम राखेत पुरायची. सावकाश थंड झाली की ती मऊ होते आणि कानशीला दाद देते. मग आकार द्यायचा, पुन्हा लाल करायची आणि तेलात बुडवायची. कितपत लाल, हे भिकाजी नजरेने ओळखत. मृदुलेने खिशातून लोहचुंबक काढले आणि सांगितले की पोलाद पुरेसे तापले की चुंबक त्याला धरीनासे होते.

"ते चुंबक तुझ्या कॉलेजात ठेव," मिस्त्री म्हणाले. दोन दिवसांनी ती पाणी भरून परतली, तर ते तिच्याच चुंबकाने स्वतःची नजर तपासून पाहत होते. तिला पाहताच त्यांनी चुंबक मांडीखाली सरकवले.

नियमाविषयी तिने पंचांना एकदाच विचारले. "जुनी कमान कारखान्यात पाणी देऊनच आलेली असते. ती आपण तापवून मऊ करतो. म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाला आपण पुन्हा विस्तव दाखवतोच की."

रंगनाथआबांनी पानाचा विडा गालात सरकवला. "ते पाणी दुसऱ्याने दिलेलं. त्याचा हिशेब त्याच्याकडे. आपण दिलेलं पाणी हा आपला शब्द. दिलेला शब्द फिरवायचा नाही."

"पोलादाला शब्द कळतो?"

"तुला कळत नाही, हे मात्र दिसतंय," आबा म्हणाले आणि ओसरी हसली.

तिसऱ्या वर्षी श्रावणात एक कापडाचे व्यापारी गल्लीत आले. हातगाडीवर शिसवी पेटी होती आणि गाडीमागून त्यांची आई चालत येत होती. पेटी त्या माउलीने माहेराहून आणलेली. झाकणावर वेलबुट्टी कोरलेली, कुलूप लाकडातच बसवलेले. किल्ली कुठे गेली, कोणाला ठाऊक नव्हते.

"आत काही मोठं नाही हो," आजी म्हणाल्या. "दोन लुगडी असतील. मला पेटीच हवीय. माझ्या बापाने स्वतः कोरलीय ती."

भिकाजींचे हात त्या दिवशी फारच थरथरत होते. त्यांनी आपली आकडी मृदुलेच्या हाती दिली नाही. तिची तिनेच काढली. ही तिची पहिली खरी आकडी होती आणि तिच्यावर कानस घातली तर काचेवरून घसरावी तशी घसरे. चार खिट्ट्या उचलल्या गेल्या. पाचवी जड होती. मृदुलेने बोटाचा जोर थोडा वाढवला, आणि आतून टिक् असा आवाज आला. किती लहान आवाज तो. पण गल्लीतल्या सगळ्या माना वळल्या.

पुढचे रीतीप्रमाणे झाले. पंचांची माणसे छिन्नी घेऊन आली. कुलूप निघाले, पण त्याबरोबर झाकण वेलीच्या मधोमध उभे चिरले. आजींनी त्या चिरेवरून बोट फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"असू दे बाळा," त्या म्हणाल्या. "तुझा काय दोष."

"कुलूप दगाबाज होतं," आबांनी निवाडा दिला आणि टोक तांब्यात टाकले.

"आणि पेटी?" मृदुलेने विचारले. "पेटीने कोणता दगा दिला होता?"

तो प्रश्न गल्लीच्या रीतीत बसत नव्हता.

त्यानंतर दहा दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. तिला वाटले, आपली आकडी पुरेशी कठीण नव्हती. तिने उत्तम कमान निवडली, चुंबकाने ताप मोजला, तेल बदलले, आणि अशी आकडी घडवली की तिने काचेवर रेघ उमटावी. अकराव्या दिवशी दुपारी ती आकडी तिने भिकाजींच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली. "सुरेख," ते म्हणाले. "माझ्या हातून इतकी कठीण कधी झाली नाही."

आणि त्यांनी ती फरशीवर टाकून दिली.

आकडीचे दोन तुकडे झाले. एक तिच्या पायाशी येऊन थांबला.

मृदुलेच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. "हे काय केलंत आजोबा? दहा दिवस घालवले मी!"

"मी नुसता हात उघडला," मिस्त्री म्हणाले. "उरलेलं तिने स्वतः केलं." मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्वतःची जुनी आकडी काढली, रुप्यासारखी पांढरी, आणि तीही तशीच टाकली. ती टणकन उडाली, नाचली आणि स्थिर झाली. त्यांनी ती उचलून धनुष्यासारखी वाकवली आणि सोडली. आकडी सरळ.

"हेच पोलाद," ते म्हणाले. "हेच तेल."

"मग काय वेगळं केलंत?"

गल्ली जेवून पेंगत होती. म्हातारा उठला, त्याने भरदिवसा दाराला आतून कडी घातली आणि फळीमागून एक कढई काढली. कढईत वाळू होती. मंद निखाऱ्यांवर वाळू तापवून त्यांनी तिला दुसरी आकडी तेलात बुडवायला लावली, घासून लख्ख करायला लावली आणि वाळूवर ठेवायला लावली.

"आता हात लावू नकोस. रंग बघ."

लख्ख पोलादावर आधी फिकट पिवळी झाक आली, वाळल्या गवतासारखी. ती गडद होत तपकिरी झाली. तपकिरीतून जांभळा रंग फुटला, आणि मृदुला श्वास रोखून पाहत असताना जांभळा सरून संपूर्ण आकडीवर गोकर्णीच्या फुलाचा निळा रंग पसरला.

"काढ!"

तिने चिमट्याने आकडी उचलली. निवल्यावर वाकवली. सोडली. आकडी सरळ झाली. पुन्हा वाकवली. पुन्हा सरळ झाली. तिला हसू आवरेना.

मग भिकाजी मिस्त्री बोलले. "तेलातून निघालेलं पोलाद घाबरलेल्या माणसासारखं असतं, पोरी. सगळं अंग आखडून बसलेलं. कठीण दिसतं, पण त्याला वाकता येत नाही, म्हणून जोर पडला की ते मोडतं. मंद आच देऊन त्याचं आखडलेपण सोडवायचं. थोडी कठीणता जाते. ती जाऊ द्यावी. त्या बदल्यात वाकून पुन्हा सरळ होणं त्याला येतं. जोर तर येणारच आहे. त्यानंतर आपण सरळ उरतो की नाही, एवढंच पाहायचं."

एरवी अशी गोष्ट इथे संपते. शिष्य नमस्कार करतो आणि गुरू मंद हसतो. मृदुलेनेही क्षणभर हात जोडले. पण तेवढ्यात मिस्त्रींनी काचपेपर घेतला आणि ते आकडीवरचा निळा रंग घासून काढू लागले.

"हे कशाला?"

"पंचांना निळा रंग ओळखू येतो. पांढरी झाली की कोणी विचारत नाही. माझ्या गुरूनेही असाच घासला."

मृदुलेचे जोडलेले हात सुटले. "आजोबा, ओसरीवरच्या तांब्यात तुमचं टोक एकही नाही ना?"

"नाही."

"म्हणजे सगळं आयुष्यभर तुम्हाला ठाऊक होतं. आणि दर खंडेनवमीला त्या तांब्याला तुम्ही सगळ्यांबरोबर हात जोडलेत."

"ठिया टिकवायचा होता, पोरी. बोललो असतो तर त्यांनी उठवलं असतं."

"मला तरी सांगायचं. पेटी येण्याआधी."

"सांगितलं असतं तर तू नुसतं ऐकलं असतंस. मोडली म्हणून तुला कळलं."

"मला कळावं म्हणून त्या आजींच्या बापाची वेल चिरायची होती?"

म्हाताऱ्याचा काचपेपर थांबला. तो म्हणाला, "ती चीर मीही पाहिली गं."

मृदुलेने त्यांच्या हातातून आकडी घेतली. अर्धी पांढरी झाली होती, अर्धी निळी. "ही ठेवा तुम्हाला," ती म्हणाली. "मी माझी नवी करते."

खंडेनवमीला ओसरी सारवून रांगोळी घातली होती. ऐरणी धुऊन पुसून रांगेत मांडल्या होत्या, त्यांवर झेंडूची फुले. भिकाजींच्या ठियाचा निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता. परीक्षेचे कुलूप पंचांनी पाटावर ठेवले. एका जुन्या तिजोरीचे ते सुटे कुलूप, तीन बोटे जाड, मागची पाटी उघडून आतले टोक काढता येई असे. आजवर परीक्षेला बसलेल्या निम्म्या कारागिरांची टोके त्याने खाल्ली होती. कुलपाने टोक खाल्ले तरीही पंच शिष्याला मान्य करीत, कारण कुलूप दगाबाज आहे हे सर्वांना मान्य होते.

"बस," आबा म्हणाले. "मोडली तरी लाजू नकोस."

मृदुला मांडी घालून बसली. आकडी तिने मुठीत धरली होती. पहिली खिट्टी उचलली. दुसरी, तिसरी. चौथीला वेळ लागला. पाचव्या खिट्टीशी आकडी अडली आणि सर्वांच्या देखत वाकू लागली.

"गेली!" कोणीतरी म्हणाले. आबांनी सवयीने तांब्याकडे हात नेला.

आकडी आणखी वाकली. मृदुलेच्या वरच्या ओठावर घाम जमला, पण तिचे बोट शांत होते. खिट्टी उचलली गेली. आकडी सरळ झाली आणि कुलूप खाड्‌कन उघडले.

ओसरीवर आनंदाचा गलका झाला. नियम काहीही असो, उघडलेले कुलूप पाहून ज्याला हर्ष होत नाही असा कारागीर त्या गल्लीत नव्हता. आबांचेही डोळे पाणावले. "घेतलास गं ठिया!" म्हणत त्यांनी रीतीप्रमाणे आकडी सर्वांना दाखवण्यासाठी तिच्या हातून घेतली आणि उंच धरली.

सावलीत काळपट दिसलेली ती आता उन्हात गोकर्णीसारखी निळी चमकली.

गलका विरला. आबांनी हात खाली आणला. आकडी नखाने खरवडून पाहिली. मग भिकाजींकडे पाहिले. भिकाजी जमिनीकडे पाहत होते.

"दुसरा विस्तव," आबा हळू आवाजात म्हणाले.

"हो," मृदुला म्हणाली.

पंचांनी डोकी एकत्र केली. कुजबुज झाली. आबा परत आले तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता, समजूत होती. "हे बघ पोरी. हात तुझे सोन्याचे आहेत. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही आम्हाला. हा काचपेपर घे. इथेच बसून रंग घास. पांढरी झाली की आम्ही काही पाहिलं नाही, तू काही केलं नाहीस. ठिया तुझा."

मृदुलेने काचपेपरकडे पाहिले. मग तिने आबांकडे पाहिले, आणि तिला एकाएकी दिसले की निळा रंग ओळखायला माणसाने तो आधी कधीतरी पाहिलेला असावा लागतो.

"आबा, तुम्ही किती घासल्यात?"

आबांच्या तोंडातला विडा थांबला.

"भिकाजी," ते घाईने वळून म्हणाले, "तुझ्या शिष्येला सांग."

सगळ्यांनी भिकाजी मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी मान वर केली. ओठ हलले. आयुष्यभर बोललेले सगळे दृष्टांत त्यांच्या ओठांपर्यंत आले असतील आणि तिथून परत गेले असतील. त्यांनी फक्त कमरेची पिशवी सोडली आणि अर्धी पांढरी, अर्धी निळी आकडी पाटावर ठेवली.

मृदुला उभी राहिली. "मी घासणार नाही," ती म्हणाली. "त्या तांब्यात माझंही एक टोक आहे. ते कामी आलेलं नाही. ते मोडलं, कारण मी एकदा विचारलं आणि तुम्ही हसल्यावर पुन्हा विचारलं नाही. ठिया द्यायचा असेल तर या रंगासकट द्या. द्यायचा नसेल तर मी या गल्लीच्या तोंडाशी निखारे घेऊन बसेन, आणि ज्याची आकडी मोडेल त्याला वाळू तापवायला शिकवेन. दार उघडं ठेवून शिकवेन."

पूजेची वेळ झाली होती. आबांनी अंगठ्यावर कुंकू घेतले होते आणि हात तांब्याकडे गेला होता. तो तसाच हवेत राहिला. एक पंच खाकरला. दुसऱ्याने पाटावरची अर्धी निळी आकडी उचलली, दोन बोटांत धरून वाकवली आणि सोडली.

आकडी सरळ झाली. त्याने ती पुन्हा वाकवली. मग ती शेजारच्या पंचाच्या हातात दिली.